बाईचा भाव कोण ठरवतो?

लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव निघतो तेव्हा तुरीला कुणी विचारत नाही. दाणा केवढा, रंग कसा, ओल किती, माल नवा का जुना, एवढं बघतात आणि बोली लावतात. मी डाळ मिलमधला कामगार, मला हे नवं नाही. पण इतिहासाची पुस्तकं हाती आली तेव्हा दिसलं की या देशात बाईचा भावही असाच निघत आलाय. रंग, बांधा आणि वय. बाईला काय येतं, तिनं काय केलं, काय सोसून ती उभी आहे, याचा त्या सौद्यात हिशेब नाही.

मित्रांनो, आपण चळवळीची पोरं. जातीवर बोलतो, गायरानावर बोलतो, आरक्षणावर रात्र रात्र भांडतो. बाईच्या रूपाचा आणि म्हातारपणाचा विषय निघाला की मात्र हसतो. म्हणतो, हे शहरातल्या शिकलेल्या बायांचं दुखणं. १९७२ साली अमेरिकेत सुसान सोंटाग या लेखिकेनं लिहिलं की म्हातारं होण्याचा नियम पुरुषाला एक आणि बाईला दुसरा आहे. केस पिकलेला पुरुष अनुभवी ठरतो, केस पिकलेली बाई संपलेली ठरते. त्याच १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली. त्याच साली मराठवाड्यात दुष्काळ होता आणि आपल्या आज्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. तो दाखवायला हा लेख.

मनूची जाहिरात

वर्तमानपत्रात 'वधू पाहिजे' म्हणून जाहिरात येते, तिचा पहिला लेखक मनू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी पोरगी कशी निवडावी ते लिहिलंय. पिंगट केसांची नको. आजारी नको. अंगावर केस नसलेली नको, फार केस असलेलीही नको. फार बोलणारी तर नकोच. चाल हंसासारखी किंवा हत्तीसारखी हवी, दात बारीक हवेत, अंग मऊ हवं. बैल घेताना शेतकरी एवढं बघत नाही.

नवव्या अध्यायात तिचं वय वाटून दिलंय. लहानपणी बाप राखील, तरुणपणी नवरा राखील, म्हातारपणी पोरगा राखील, बाईला स्वातंत्र्य म्हणून नाही. पुढं त्याच अध्यायात तीस वर्षांच्या पुरुषाला बारा वर्षांची पोरगी सांगितलीय. याचा अर्थ सरळ आहे. बाईचं वय बाईचं नव्हेच. वय म्हणजे मालक बदलायची तारीख. आणि रूप म्हणजे मालकाच्या वापराची वस्तू.

मालक मेला की त्या वस्तूचं काय करायचं? नासून टाकायची. वरच्या जातींत विधवेचं डोकं भादरायचे, ते याच हिशेबानं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की नवरा मेला तर बाईनं जन्मभर तोंड लपवायचं, आणि बायको मेली तर म्हाताऱ्यानं पुन्हा बोहल्यावर चढायचं, हा कुठला न्याय? बायांमधले म्हणून जे दोष सांगता ते पुरुषांत नाहीत का? पुढं १८९० साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिक बांधवांची सभा घेतली, आणि विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्या कष्टकऱ्यांनी ठरवलं. त्याच वर्षी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही लोखंड्यांच्याच लढ्यातून. सुट्टीची लढाई आणि बाईच्या केसांची लढाई एकाच माणसानं एकाच वर्षी लढवली. कामगार चळवळीत 'बायांचे प्रश्न नंतर' म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आमच्या आयांचं रूप

वरच्या जातीतल्या बाईचं रूप नवरा मेल्यावर नासवत. आमच्या बाईला रूप जन्मापासूनच बंद होतं. लुगडं कसं नेसायचं, किती वर नेसायचं, कुठल्या धातूचा दागिना घालायचा, हे गावानं ठरवलेलं. रस्त्यानं जाणारी बाई लांबूनच कोणत्या जातीची ते कळावं म्हणून ही सगळी सोय. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये लिहिलंय की महार बाईला लुगड्याचे काठसुद्धा दिसू देता येत नसत, ते निऱ्यांत दडवावे लागत. काठासारखी काठ, तीही गुन्हा!

म्हणून महाडकडं नीट बघा. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले, ते आपण भाषणात घेत नाही. त्यांनी सांगितलं की अस्पृश्यपणाची खूण सांगणारे कपडे आणि दागिने टाकून द्या. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाच्या नि चांदीच्या गोटपाटल्या नकोत. लुगडं नीट पायघोळ नेसा. फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ असू द्या. मुलींना शिकवा. आणि तिथल्या तिथं बायांनी लुगडी नेसायची रीत बदलली. पोथी जाळायला एक काडी लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचं नेसणं बदलायला हजारो बायांची छाती लागली, कारण त्यांना त्याच लुगड्यात परत गावात जायचं होतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. बाबासाहेबांनी बायांना 'सुंदर दिसा' असं सांगितलं नाही. त्यांनी खूण पुसायला सांगितली. तुमच्या अंगावर गावानं लिहिलेलं पुसा आणि माणूस म्हणून चाला. तिथं वयाची अट नव्हती. सोळा वर्षांचीला सांगितलं तेच साठ वर्षांचीला. मनूच्या नवव्या अध्यायाला याहून चांगलं उत्तर कुणी दिलेलं नाही.

माळेगावचा बाजार

गावानं आमच्या बाईला रूप नाकारलं, असं म्हटलं ते अर्धं खरं. दिवसा नाकारलं. रात्री दिवटीच्या उजेडात तेच रूप विकत घेतलं.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगाव आहे. खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे येतात, गाढवं येतात, उंट येतात. घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो, दातावरून वय काढतो, वयावरून पैसे बोलतो. त्याच यात्रेत फड लागतात. तिथंही वयावरूनच पैसे. हा माझा टोमणा नाही, तिथला व्यवहार आहे. आणि खंडोबाला वाहिलेली मुरळी म्हटलं की ती कुणाच्या घरातली, हे सांगायला नको.

हिवरगावची पवळा महारांची. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिनं महाराष्ट्राला वेड लावलं. बापूराव ब्राह्मण, त्यांना कवी म्हणून मान. पवळेचा शेवट गरिबीत. बापूरावांनी चळवळीला देऊ केलेले पैसे बाबासाहेबांनी घेतले नाहीत, आमच्या बाया नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणाले, असं जुनी माणसं सांगत आली. १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांसमोर बोलले. हा धंदा सोडा, त्यात हाल होतील, तरी सोडा, असं त्यांनी बजावलं.

पण सोडणारीनं खायचं काय? आणि न सोडणारीचं पुढं काय? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं आयुष्य बघा. १९३५ चा जन्म. राष्ट्रपतींच्या हातून मान मिळालेली कलावंत. पोटुशी असताना बोर्डावर नाचल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लोक ही गोष्ट टाळ्या घेत सांगतात. टाळी कशाची? बाळंतिणीला दोन घटका पाठ टेकू न देणाऱ्या बाजाराची? २००२ च्या जानेवारीत त्या हलाखीत गेल्या. त्यानंतर सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जितेपणी म्हातारीच्या औषधाला पैसा नाही, मेल्यावर नावाचा सोहळा. बाईचं रूप विकत घेणारा समाज तिच्या सुरकुत्यांचा खर्च उचलत नाही. हा तमाशाचा दोष नव्हे. तमाशा फक्त दर उघड बोलतो, बाकीचा समाज झाकून बोलतो.

पंधरा रुपयांची मागणी

आता आपल्याच इतिहासातलं एक पान. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. बाबासाहेब म्हणाले की समाज किती पुढं गेला हे मी त्या समाजातल्या बायांवरून मोजतो. हे वाक्य आपण पोस्टरवर लिहितो आणि तिथंच थांबतो.

त्या परिषदेचे ठराव वाचा. घटस्फोटाचा हक्क मागितला. एक बायको असताना दुसरी करायला विरोध केला. आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका इथं राबणाऱ्या बायांना वर्षाची रजा, दुखापतीची भरपाई, आणि वीस वर्षं नोकरी झाल्यावर महिना किमान पंधरा रुपये पेन्शन मागितली.

पेन्शन! १९४२ साली! मोडीत निघालेल्या अंगाचाही हक्क असतो, हे त्या बायांना कळलं होतं. म्हातारी बाई म्हणजे पोराच्या दारातलं ओझं, असं त्या म्हणाल्या नाहीत. तिनं वीस वर्षं दिलीत, आता तिचं देणं द्या, असं म्हणाल्या. मनू म्हणतो म्हातारपणी पोरगा राखील. नागपूरच्या बाया म्हणाल्या, राखण नको, हिशेब द्या. म्हातारपणावरचा याहून धारदार स्त्रीवादी विचार मी अजून वाचला नाही, आणि तो परदेशातून आलेला नाही.

पस्तिशीतली म्हातारी

१९७५ हे जगानं महिला वर्ष म्हणून पाळलं. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महिला समता सैनिक दल उभं राहिलं. आणि त्याच १९७५ साली भारताच्या बाजारात 'फेअर अँड लव्हली' आली. एकीकडं समतेची हाक, दुसरीकडं ट्यूबमधला गोरेपणा. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, त्या ट्यूबच्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. नाव बदललं. उन्हात राबणाऱ्या पोरीनं आरशात बघून आपल्याच कातडीची लाज बाळगावी, हा धंदा एका शब्दानं बुडत नाही. काळा रंग कुणाचा? रानात राबणाऱ्याचा. गोरेपणाचं वेड म्हणजे सावलीत बसणाऱ्या जातीचं वेड.

पण आपल्या बाईचं म्हातारपण आरशातून येत नाही, कामातून येतं. लातूर, नांदेड, बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, खाड्याचा दंड. पाळीत, बाळंतपणात, तापात, खाडा तो खाडाच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बाया तपासल्या, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातल्या एकीची! कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पाळी जायचं वय एका दिवसात येतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे बाजारानं तिचं म्हातारपणसुद्धा आपल्या सोयीनं अलीकडं ओढलं.

डाळ मिलमध्येही तेच, फक्त रक्त दिसत नाही. पूर्वी डाळ निवडायला बायांच्या रांगा असत. आता रंग ओळखून खडा उडवणारी यंत्रं आली. मी जिथं जिथं काम केलं तिथं हेच पाहिलं की पुरुष हमाल थकला तर त्याला कुठं तरी गेटवर बसवतात, अन् बाईचे डोळे अधू झाले की तिला 'उद्यापासून येऊ नको' म्हणतात. पुरुषाच्या म्हातारपणाला स्टूल आहे. बाईच्या म्हातारपणाला घरचा रस्ता.

आपल्या घरातला मनू

इथवर सगळं बाहेरच्यांचं सांगितलं. आता आपल्या अंगणात या. बौद्ध वधू-वर मेळाव्यांची पत्रकं वाचा. मंचावर बाबासाहेबांचा फोटो, त्रिसरण-पंचशील, आणि पत्रकात 'गोरी, सडपातळ, पंचविशीच्या आतली'. महाडला जाळलेल्या पोथीतलं पान या पत्रकात कसं छापलं गेलं? पोरगा पस्तिशीचा, नोकरी नाही, पोट सुटलेलं, तरी मुलगी पंचविशीच्या आतली पाहिजे. शिकायला, स्पर्धा परीक्षा द्यायला म्हणून थांबलेली पोरगी तिशीला आली की आपलेच लोक म्हणतात, 'वय झालं तिचं'. मुलींना शिकवा, हे ऐकलं. शिकायला वर्षं लागतात, हे ऐकलं नाही.

आपल्या कवितेतही बघा. आई असली तर ती राबून झिजलेली, पूजेला बसवलेली. नाहीतर गावकुसाबाहेर ओरबाडलेली तरुण देहाची बाई. मधली बाई कुठाय? पन्नाशीची, भांडणारी, सभेला खुर्च्या मांडणारी, पोलीस स्टेशनात टेबलावर हात आपटणारी बाई आपल्या कवितेत का नाही? रमाईच्या फोटोला आपण हार घालतो. पाच लेकरांतली चार गमावून, काबाडकष्ट करून रमाई १९३५ साली गेल्या तेव्हा चाळिशीही झालेली नव्हती. त्यांचा त्याग गातो. इतक्या लवकर त्या का झिजल्या, हे विचारत नाही. त्यागाची गाणी गाऊन घरातल्या बाईला औषधावाचून ठेवायची सोय तर आपण करून घेतली नाही ना?

१४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बुद्ध स्वीकारला. त्या परंपरेत थेरीगाथा आहे, भिक्षुणींनी स्वतःबद्दल सांगितलेल्या गाथा. त्यात आम्रपाली आहे. वैशालीची गणिका, जिच्या रूपाचा भाव सगळ्या गणराज्याला माहीत. तिनं बुद्धाला जेवायला बोलावलं, लिच्छवी राजपुत्रांनी तो मान विकत मागितला, तिनं दिला नाही. पुढं म्हातारपणी भिक्षुणी होऊन तिनं आपल्या शरीराचं एकेक अंग घेऊन सांगितलं की हे असं होतं आणि आता असं झालंय, बुद्धाचं म्हणणं खरं आहे. लाज नाही, रडणं नाही. स्वतःचं म्हातारपण स्वतःच्या तोंडानं सांगणारी बाई अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं आहे. आणि आपण मेळाव्यात मनूचं माप लावतो.

म्हातारी म्हणजे दप्तर

सरतेशेवटी कामाचं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. त्या दोघी वस्त्यावस्त्यांत म्हाताऱ्या बायांना शोधत गेल्या. त्या गेल्या नसत्या तर आंबेडकरी चळवळीतल्या बायांची कितीतरी नावं आज कुणाला माहीत नसती. शांताबाई कांबळे शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या, 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ ला पुस्तक म्हणून आलं. बेबीताईंनी घरच्यांपासून लपवून लिहिलेलं पन्नाशी उलटल्यावर छापलं गेलं. समाजानं ज्या वयात बाईला निकालात काढलं, त्याच वयात या बायांनी आपल्याला इतिहास दिला.

मग आपल्या भागाचं काय? २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारलं. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या तारखा आपल्याला पाठ आहेत. पण त्या रात्री लेकरं काखेत घेऊन उसात कोण लपलं? जळालेल्या घरातून धान्य कुणी वेचलं? बहिष्कार पडला तेव्हा चूल कशावर पेटवली? जेलात गेलेल्यांच्या घरी कोण राबलं? हे कुठल्या पंचनाम्यात आहे?

त्या वेळी तिशीत असलेली बाई आज ऐंशीकडं आलीय. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी कुणी लिहिलीच नाही. ती वय सांगते ते असं: रझाकाराच्या वक्ती रांगत होते, मोठ्या दुष्काळात थोरला पोटात होता, जाळपोळीत धाकटा अंगावर पीत होता. ऐका की नीट! वयाच्या जागी ती मराठवाड्याचा इतिहास सांगतेय. हा तिचा भाव. कातडीवरून काढलेला नाही, जगल्यावरून आलेला.

म्हणून येत्या महिन्यात हे करा. आपापल्या वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांकडं वही घेऊन जा. नाव, गाव, माहेर विचारा. १९७२ ला कुठल्या कामावर होत्या, १९७८ ला काय झालं, मोर्चाला कुणाबरोबर गेल्या, मंगळसूत्र-बांगड्या-कुंकवाचं काय ठरवलं, नवऱ्यानं काय म्हटलं, ते विचारा. त्या बोलतील तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. वयाच्या कागदावाचून जिची श्रावणबाळची पेन्शन अडकलीय तिचा अर्ज त्याच दिवशी भरा. ऐंशी वर्षांपूर्वी नागपूरच्या बायांनी मागितलेले पंधरा रुपये अजून पुरते वसूल झालेले नाहीत. आणि येत्या मेळाव्याच्या पत्रकातून रंगाचा रकाना काढून टाका. काढत नसतील तर पत्रक वाटायला हात लावू नका.

वही घेऊन लवकर जा. म्हाताऱ्या थांबणार नाहीत.

जय भीम!